आधी पोरं आली, मग काम शोधलं

फिलिपिन्सच्या एखाद्या गावात गोरा माणूस दिसला की पोरं "हे जो!" अशी हाक मारतात. ही हाक दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकी शिपायांना 'जीआय जो' म्हणत, त्यातला 'जो' बेटांवर मागे राहिला. ऑक्टोबर १९६१ मध्ये मनिलात उतरलेल्या सव्वाशेच्या आसपास तरुण अमेरिकनांनाही ही हाक चुकली नाही. पण ते शिपाई नव्हते, व्यापारी नव्हते आणि पाद्रीही नव्हते. बहुतेक जण नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले. दोन वर्षं खेड्यात राहायचं, गावच्या शाळेला हातभार लावायचा आणि परत जायचं, एवढाच त्यांचा करार होता.

या सगळ्याचं मूळ बरोबर एक वर्ष मागे सापडतं. १४ ऑक्टोबर १९६० रोजी, मध्यरात्र उलटून दोन वाजले असताना, प्रचारदौऱ्यावरचे जॉन केनेडी मिशिगन विद्यापीठात पोचले. हजारो विद्यार्थी ताटकळत उभे होते. परदेशात जाऊन काही वर्षं सेवा करायला तुमच्यापैकी किती जण तयार आहेत, असं केनेडींनी पायऱ्यांवर उभं राहून विचारलं. सभा आटोपल्यावर विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीमच काढली. मावळते अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी या कल्पनेला पोरखेळ ठरवलं. सैन्यभरती चुकवणाऱ्यांची ही सोय होईल, असा टोला केनेडींचे प्रतिस्पर्धी निक्सन यांनी हाणला. केनेडी निवडून आले आणि १ मार्च १९६१ रोजी 'पीस कोअर'च्या स्थापनेचा आदेश निघाला. प्रमुख झाले केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर.

कल्पना अगदीच कोरी नव्हती. ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक डिक्सन यांनी १९५८ मध्येच शाळा संपवून विद्यापीठात जाण्याआधीची मोकळी मुलं परदेशी सेवेला धाडायला सुरुवात केली होती. त्यांच्या पहिल्या तुकडीतली काही मुलं बोर्निओ बेटावरच्या सारावाकमध्ये गेली होती. खुद्द फिलिपिन्सने तर अमेरिकी शिक्षकांची लाट साठ वर्षांपूर्वीच पाहिली होती. २३ ऑगस्ट १९०१ रोजी 'थॉमस' नावाच्या लष्करी जहाजातून सुमारे ५०० शिक्षक मनिलात उतरले. जहाजावरून त्यांना 'थॉमसाइट' हे नाव पडलं. ते पगारी होते आणि नव्या अमेरिकी सत्ताधाऱ्यांचे नोकर होते. बेटांवर अमेरिकेविरुद्धचं युद्ध अजून विझलेलं नव्हतं. त्यांनी गावोगावी शाळा उभारल्या आणि त्या शाळांची भाषा इंग्रजी ठेवली.

१९६१ ची मुलं आली ती याच पाऊलवाटेवरून. मधल्या काळात, १९४६ मध्ये, फिलिपिन्स स्वतंत्र झाला होता. १९५७ पासून पहिल्या दोन इयत्ता स्थानिक भाषेत आणि पुढे इंग्रजी, अशी रचना होती. गावच्या मास्तरांचं इंग्रजी पिढ्यान्‌पिढ्या स्थानिक वळणावर गेलं होतं. म्हणून इंग्रजी आणि विज्ञान शिकवायला मदतनीस हवेत, असं ठरलं. मुलांनी आधी पेनसिल्वेनियातल्या एका विद्यापीठात आणि मग मनिलाजवळच्या लॉस बान्योसला धडे घेतले आणि ती बेटाबेटांवर पांगली.

तिथे पोचल्यावर खरी पंचाईत झाली. त्यांचा हुद्दा होता 'शिक्षक-साहाय्यक'. पण वर्गात शिक्षक होतेच. तेही शिकलेले, गावात मान असलेले. स्वयंसेवकाने त्यांची जागा घ्यायची नव्हती आणि त्यांच्या कामात लुडबुडही करायची नव्हती. मग करायचं काय? याचं नेमकं उत्तर ना शाळेकडे होतं, ना मनिलातल्या कचेरीकडे. नवी संस्था झटपट मोठी दिसावी, अशी वॉशिंग्टनला घाई होती. त्यामुळे आधी माणसांचा आकडा ठरला आणि त्या आकड्याला बेतून काम शिवलं गेलं. सुरुवातीच्या काळात फिलिपिन्समधली तुकडी जगातल्या सर्वांत मोठ्या तुकड्यांपैकी एक होती.

घाम गाळायच्या तयारीने आलेल्या तरुणाला इथे निराळंच दुखणं जडलं. यजमान त्याला कामच करू देईनात. पाहुणा तो. ताटातला चांगला घास त्याचा, खुर्ची त्याची. तो एकटा बसला तर घरच्यांना वाटे, याला काहीतरी होतंय. लगेच कुणीतरी सोबतीला येऊन बसे. अमेरिकन मुलाला हवा असलेला एकांत गावाच्या हिशेबी आजारासारखा होता. तो शाळेतली उणीव तोंडावर बोलून दाखवी, तेव्हा समोरचा हसून मान डोलावी आणि काहीच बदलत नसे. चारचौघांत पाणउतारा होण्याच्या लाजेला तागालोग भाषेत 'हिया' आणि सगळ्यांशी जुळवून घेण्याला 'पाकिकिसामा' म्हणतात. दोन्ही शब्द पाठ असले, तरी अंगवळणी पडायला मुलांना महिने लागले.

लॉरेन्स फुक्स हे राजकारणाचे अभ्यासक १९६१ ते १९६३ या काळात तिथल्या मोहिमेचे पहिले संचालक होते. त्यांनी १९६७ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिलं. त्यात चिकित्सा आहे ती फिलिपिनो लोकांपेक्षा अमेरिकनांचीच. कामातून स्वतःला सिद्ध करण्याचा त्यांचा हट्ट, मोकळं सुटण्याची आस आणि त्यामुळे माणसं जोडताना होणारी अडचण, हा पुस्तकाचा विषय. ज्यांनी शाळासुधारणेचा तक्ता बाजूला ठेवला, शेजाऱ्यांच्या लग्ना-बारशांना हजेरी लावली आणि गावची बोली उचलली, त्यांचाच पुढे वर्गातही काही उपयोग झाला. १९६३ मध्ये आशियातल्या पीस कोअरला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाच वर्षांपूर्वी विनोबा भाव्यांना मिळाला होता तोच हा पुरस्कार, विभाग मात्र वेगळा.

सगळ्यांनाच कौतुक होतं असं नाही. रेनातो कॉन्स्टन्टिनो यांनी १९६६ मध्ये छापलेल्या गाजलेल्या निबंधात थॉमसाइटांपासूनच्या इंग्रजी शिक्षणावर कोरडे ओढले. या शाळांनी फिलिपिनो मुलाला स्वतःच्या इतिहासापासून तोडलं, असा त्यांचा आरोप होता. फिलिपिन्सबाहेरचा एक अनुभव मात्र वेगळा होता. त्याच वर्षी अडुसष्ट वर्षांच्या लिलियन कार्टर पीस कोअरमधून मुंबईत विक्रोळीला आल्या आणि गोदरेज वसाहतीत त्यांनी दवाखान्याचं काम केलं. त्या पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई. त्या व्यवसायाने परिचारिका होत्या. दवाखान्यात त्यांना काय करायचं हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कॉलेजातून थेट बेटावर आलेल्या पोरांना नेमका हाच आधार नव्हता.

फिलिपिन्सच्या मोहिमेने हळूहळू हे ओळखलं. मोघम मदतनीसगिरी मागे पडली. गणित-विज्ञानाचं अध्यापन, शिक्षकांचं प्रशिक्षण, शेती, पाणी अशी नेमकी कामं आली. पुढे किनाऱ्याचं रक्षण आलं. प्रवाळाची मोजणी, खारफुटीची लागवड, मासेमारीला बंदी असलेल्या राखीव पाण्याची आखणी, हे काम आजही शिक्षण आणि युवककार्याच्या जोडीने चालतं. वाटेत खंडही पडले. कम्युनिस्ट बंडखोरांच्या धोक्यामुळे १९९० मध्ये सगळ्या स्वयंसेवकांना माघारी बोलावलं गेलं, ते १९९२ मध्ये परतले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे जगभरातले सुमारे सात हजार स्वयंसेवक परत नेले, त्यांत फिलिपिन्समधलेही होते. १९६१ पासून या बेटांवर राहून गेलेल्यांची संख्या नऊ हजारांवर जाते.

या गोष्टीत एक बाजू नेहमी झाकली जाते. बेटांवरची माणसं फक्त सेवा घेणारी नव्हती. पीस कोअर जन्माला येण्याच्या सात वर्षं आधी, १९५४ मध्ये, वास्तुविशारद ऑस्कर अरेल्यानो यांच्या पुढाकाराने 'ऑपरेशन ब्रदरहूड' निघालं. फिलिपिनो डॉक्टर आणि परिचारिका व्हिएतनाममधल्या निर्वासितांच्या छावण्यांत गेल्या आणि नंतर लाओसमध्येही वर्षानुवर्षं राबल्या. शीतयुद्धाच्या राजकारणाचा हात त्यामागे होता, तसा तो पीस कोअरच्या मागेही होताच. गावात तर याहून जुनी रीत होती, 'बायानिहान'. कुणाला घर हलवायचं असलं की गावकरी बांबूच्या दांड्या घालून अख्खं घर खांद्यावर उचलत. घरमालक मजुरी देत नसे, जेवू घाली. आपल्याकडची इर्जिक किंवा सावड ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. परगावच्या पोराने येऊन सेवाभाव शिकवावा, अशी त्या गावांची कधीच गरज नव्हती.

फिलिपिन्सने २००७ मध्ये स्वयंसेवेचा कायदा केला, क्रमांक ९४१८. त्यात स्वयंसेवेला शालेय अभ्यासक्रमात जागा दिली आणि परदेशी स्वयंसेवकांच्या कामाची सूत्रं एका सरकारी यंत्रणेकडे ठेवली. आता आधी स्थानिक संस्था आपली गरज कळवते आणि त्यानंतर माणूस पाठवला जातो. १९६१ मध्ये हा क्रम नेमका उलटा होता.