नवनीत ते नोट्स : विद्यार्थ्याच्या पुस्तकशोधाचा इतिहास

परीक्षा जवळ आली की मराठीच्या प्राध्यापकाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : ‘सर, याच्या नोट्स कुठे मिळतील?’ मूळ पुस्तकाची चौकशी क्वचितच होते. या प्रश्नावर आपण बहुधा हळहळतो, वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाविषयी दोन वाक्ये बोलतो आणि विषय संपवतो. परंतु हा प्रश्न आजचा नाही, आणि तो केवळ आळसातून जन्मला आहे असेही म्हणता येत नाही. मराठी विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक कसे आले, कोणत्या रूपात आले आणि त्याची निवड कोणी केली, याचा मागोवा घेतला तर या प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो.

आरंभ पोथीपासून करावा लागतो. छापखाना येण्यापूर्वी ग्रंथ मिळणे म्हणजे ग्रंथ उतरून घेणे. ज्याला अभ्यास करायचा त्याने प्रत करावी किंवा करवून घ्यावी, असा शिरस्ता होता. उतरून घेणे हे स्वतःच एक वाचन होते, आणि तेही अतिशय संथ. पण या व्यवहाराचा दोषही तितकाच जुना आहे. प्रत्येक नकलेबरोबर पाठ थोडा सरकतो. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींत शिरलेले अपपाठ काढून टाकण्यासाठी एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ग्रंथाचे शुद्धीकरण हाती घ्यावे लागले. मराठीतील पाठचिकित्सेचा हा आद्य प्रसंग मानला जातो. त्यातून निघणारा धडा साधा आहे : प्रत मिळाली म्हणजे ग्रंथ मिळाला असे होत नाही. प्रत कोणाची, कशावरून केलेली, हे कळावे लागते.

मुद्रणाने प्रतींची टंचाई दूर केली, पण निवडीचा अधिकार वाचकाकडून संस्थेकडे गेला. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालोपयोगी पुस्तके यांच्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मराठीत उतरवलेली गणिताची पुस्तके, सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीच्या कथा, पुढे १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण, असे हे आरंभीचे शालेय वाङ्मय. मुद्रित मराठी गद्याची पहिली मोठी गिऱ्हाईक शाळाच होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आपले आधुनिक गद्य विद्यार्थ्याच्या गरजेतून वाढले आहे. पाठ्यपुस्तकाविषयी तुच्छतेने बोलताना याचा आपल्याला विसर पडतो.

या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण पुस्तक १८५४ मध्ये निघाले. परशुराम बल्लाळ, म्हणजेच परशुरामतात्या गोडबोले यांनी जुन्या मराठी कवितेतील वेचे निवडून ‘नवनीत’ या नावाने सिद्ध केले. तात्या कोशाच्या कामात मुरलेले पंडित होते. संस्कृत नाटकांची त्यांनी केलेली मराठी रूपेही प्रसिद्ध आहेत. ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम, मुक्तेश्वर, वामन पंडित, मोरोपंत यांची कविता तोवर पोथ्यांच्या बासनांत, कीर्तनकारांच्या मुखी आणि घराण्यांच्या संग्रहांत विखुरलेली होती. ती एका बांधणीत आणि एका क्रमाने विद्यार्थ्याच्या हाती पडली. ‘मराठी कवितेची परंपरा’ म्हणून ज्या रांगेची आज आपल्याला सवय झाली आहे, ती रांग शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांच्या मनात उभी करण्याचे पुष्कळसे श्रेय या संग्रहाला द्यावे लागते.

मात्र नावातच त्याची मर्यादाही आहे. नवनीत म्हणजे लोणी, आणि तेही दुसऱ्याने घुसळून काढलेले. ताक कोणते, लोणी कोणते, हे संपादकाने आधीच ठरवले. १८५४ मध्ये याला पर्याय नव्हता. समग्र ग्रंथ उपलब्ध नसताना वेचे देणे हा उपकारच होता. परंतु टंचाईवर शोधलेला उपाय पुढे सवय बनतो. समग्र ग्रंथ छापून आल्यावरही वेच्यांची सवय सुटली नाही, आणि वेच्यांवरून वेच्यांच्या सारांशापर्यंत जायला फार काळ लागला नाही.

या उताराला गती दिली ती परीक्षेने. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि दोनच वर्षांनी प्रवेशपरीक्षा सुरू झाली. नेमलेले पुस्तक आणि त्यावरील ठरावीक प्रश्न अशी जोडी जमली, तशी त्या दोहोंच्या मध्ये बसणारी एक नवी वस्तू बाजारात आली. तिला तेव्हा ‘की’ म्हणत. ‘की’ म्हणजे किल्ली. कुलूप परीक्षेचे, किल्ली दुकानातली, आणि घरात काय आहे हे पाहण्याची गरजच उरली नाही. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगापुढेही घोकंपट्टीचा आणि या किल्ल्यांचा प्रश्न होता. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांविषयीची आपली तक्रार शंभरी ओलांडून गेलेली आहे. या काळात उच्च परीक्षांतून मराठी दीर्घकाळ बाहेर राहिली. न्यायमूर्ती रानड्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत केलेल्या खटपटीनंतर, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, तिला पुन्हा स्थान मिळाले. मराठी साहित्य हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला तेव्हा ‘की’ची पद्धत आधीच रुळलेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

याच काळात दुसऱ्या बाजूला मूळ ग्रंथ उपलब्ध करून देण्याचे फार मोठे काम चालले होते. शंकर पांडुरंग पंडित यांनी सरकारी साहाय्याने तुकारामांची गाथा संपादित केली. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये तिचे दोन भाग निघाले. निरनिराळ्या पोथ्या ताडून, पाठभेद नोंदवून केलेले हे संपादन होते. १८७८ मध्ये पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला. निर्णयसागरने ‘काव्यसंग्रह’ मालेतून जुने कवी छापले. सामान्य घरातल्या, आडगावच्या विद्यार्थ्याला मात्र या ग्रंथांपर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. ते मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत होते. आणि कोणता ग्रंथ अस्तित्वात आहे, कोणी छापला, किती आवृत्त्या झाल्या, हे सांगणारे साधन तर कोठेच नव्हते.

ते साधन शंकर गणेश दाते यांनी निर्माण केले. १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये. ग्रंथालये धुंडाळून, पुस्तके स्वतः हाताळून, विषयवार वर्गीकरण करून सिद्ध झालेले हे काम आहे. लेखक, शीर्षक, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि पृष्ठसंख्या अशा चार-दोन ओळींच्या नोंदी कोरड्या वाटतात. पण संशोधन करणाऱ्याला विचारा : त्या कोरड्या ओळीने किती खेपा वाचवल्या आहेत! पुस्तक असणे आणि पुस्तक सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट कोणीतरी कष्ट केल्यावाचून घडत नाही, हे दाते यांच्या सूचीने दाखवून दिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाविद्यालये तालुक्यांपर्यंत गेली. शिक्षणाचा परीघ वाढला ही निःसंशय चांगली गोष्ट झाली, पण त्या वेगाने ग्रंथालये वाढली नाहीत. नेमलेल्या कादंबरीच्या दोन प्रती आणि वर्गात साठ विद्यार्थी, हे दृश्य माझ्या पिढीतल्या अनेकांनी पाहिले आहे. ही पोकळी मार्गदर्शकांनी भरली. १९५९ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकाशनसंस्थेचे नावही ‘नवनीत’च. हा योगायोग असेल, पण बोलका आहे. आज मराठी घरात ‘नवनीत’ म्हटले की परशुरामतात्यांचा काव्यसंग्रह कोणाला आठवत नाही, शालेय मार्गदर्शक आठवतो. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र शतकभरात वेच्यांवरून उत्तरांवर आला.

मग झेरॉक्स आले. महाविद्यालयासमोरच्या दुकानात एखाद्या हुशार विद्यार्थिनीच्या वहीच्या प्रती वर्षानुवर्षे फिरत राहिल्या. पोथीची परंपरा परतली, पण उतरून घेण्यातले वाचन गळून. या दुकानांचा प्रश्न न्यायालयातही गेला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध आणि विद्यापीठाविरुद्ध २०१२ मध्ये तीन मोठ्या प्रकाशनसंस्थांनी दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, प्रथम एकसदस्यीय आणि नंतर खंडपीठाने, अध्यापनाच्या ओघात लागणाऱ्या प्रतींना १९५७ च्या कायद्यातील सवलत लागू होते हे तत्त्व मान्य केले. खंडपीठाने काही मुद्दे पुढील सुनावणीसाठी ठेवले होते, परंतु २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. गरजू विद्यार्थ्याची प्रत आणि लुबाडणूक यांत फरक करावा लागतो, ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट झाली.

आणि आता जाल. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पाने जुन्या ग्रंथांची पाने प्रतिमारूपात साठवण्यास आरंभ केला. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले, तरी त्यातील पुष्कळ ग्रंथ ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर पोहोचले. २०११ मध्ये मराठी विश्वकोश जालावर आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर ‘शोधगंगा’वर प्रबंध जमा होऊ लागले. २०१८ मध्ये ‘राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय’ देशाला अर्पण झाले. बालभारतीची पाठ्यपुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे अध्ययनसाहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर खुले आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्यामुळे साने गुरुजींचे लेखन २०११ पासून, तर मर्ढेकरांचे २०१७ पासून सर्वांचे झाले आहे. खांडेकरांसाठी मात्र २०३६ अखेरपर्यंत थांबावे लागेल. दीडशे वर्षांपूर्वी आडगावच्या विद्यार्थ्याला जे अप्राप्य होते, ते आज त्याच्या खिशातल्या फोनवर आहे.

तरीही तो नोट्सच का मागतो? माझ्या मते, याचे उत्तर दाते यांच्या सूचीत आहे. ग्रंथ जालावर आले, सूची आली नाही. जुन्या प्रकल्पातील नोंदी रोमन लिपीत, चमत्कारिक वर्णविन्यासात केलेल्या आढळतात. दीर्घ ‘ई’साठी ‘आय’ हे अक्षर दोनदा आणि मूर्धन्य वर्णासाठी स्वल्पविरामासारखे चिन्ह. देवनागरीत नाव लिहून शोधणाऱ्याला ते पुस्तक दिसतच नाही. अनेक प्रतींची पाने नुसती छायाचित्रे आहेत, त्यांत शब्द शोधता येत नाही. कोठे मुखपृष्ठ गेले आहे, कोठे आवृत्तीचे वर्ष. उलट ‘नोट्स’ हा शब्द लिहिला की क्षणात शंभर धारिका पुढे येतात. २०२० च्या टाळेबंदीत तर व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम यांवरून अशा धारिकांचा पूरच लोटला. कोणी लिहिल्या, कोठून घेतल्या, कोणाला ठाऊक नाही. विद्यार्थी जे सापडते ते वाचतो. आपणही तेच करतो.

यातून होणारी हानी काल्पनिक नाही. तुकारामांचा एखादा अभंग उत्तरपत्रिकेत येतो तेव्हा त्याचा क्रमांक पाहावा. पंडितांची प्रत, देहूची प्रत, जोग महाराजांची प्रत यांतील क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. आवृत्ती न सांगता दिलेला क्रमांक म्हणजे गावाचे नाव न लिहिता दिलेला घरक्रमांक. जालावर फिरणाऱ्या कित्येक रचना तर गाथेच्या कोणत्याच प्रतीत नसतात, केवळ ‘तुका म्हणे’ असल्यामुळे तुकारामांच्या ठरतात. ज्या रोगावर एकनाथांनी सोळाव्या शतकात उपाय केला, तोच रोग नकलेच्या वेगाबरोबर वाढून परत आला आहे.

मग करायचे काय? नोट्सवर बंदी घालणे व्यर्थ आहे, ‘की’वर टीका करूनही ती थांबली नव्हती. जोवर प्रश्नपत्रिका नोट्समधून सुटते तोवर नोट्स चालणारच, आणि प्रश्नपत्रिका आपणच काढतो. पहिले पाऊल तेथे उचलावे लागेल. दुसरे त्याहून सोपे आहे. अभ्यासक्रमाच्या यादीत पुस्तकाच्या नावापुढे त्याची विश्वसनीय आवृत्ती आणि ती जालावर कायदेशीररीत्या जेथे मिळते ते ठिकाण, एवढी एक ओळ लिहिणे. प्रत्येक विभागाने आपल्यापुरती ही छोटी सूची केली आणि ती परस्परांना दिली, तर दाते यांचे काम पुढे नेल्यासारखे होईल. त्यांना एकट्याला ग्रंथालये धुंडाळावी लागली. आपल्याला बसल्या जागी काही संध्याकाळी द्याव्या लागतील.

‘नोट्स कुठे मिळतील?’ या प्रश्नात दडलेला खरा प्रश्न ‘मी कुठून सुरुवात करू?’ असा असतो. परशुरामतात्यांनी आपल्या काळात त्याचे उत्तर वेच्यांनी दिले, कारण समग्र ग्रंथ हाती ठेवणे त्यांना शक्य नव्हते. आपल्याला ते शक्य आहे. पुढच्या वेळी हा प्रश्न विचारला गेला, तर हळहळण्याऐवजी एका चिठ्ठीवर ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि ठिकाण लिहून देता यावे, एवढी तयारी आपली असली पाहिजे.