हिऱ्याच्या नादात सापडलेला स्विच

आजच्या भागाची सुरुवात जळक्या वासाने. नोकरीचं पहिलं वर्ष, मे महिना, टेस्ट बेंचवर आमचा मोटरचा इन्व्हर्टर चालू. दुपारी तीनच्या सुमारास ‘फट्’ असा आवाज आला आणि सिलिकॉन कार्बाइडचं नवंकोरं मॉड्यूल गेलं. लॅपटॉपवर मात्र सगळं थंड होतं. माझं सिम्युलेशन सांगत होतं, ९५ डिग्री, काळजी नको.

सर ओरडले नाहीत. फक्त विचारलं, “रेझिस्टन्स कुठल्या तापमानाचा घेतलास?”

या प्रश्नाचं वजन कळायला बरंच मागे जावं लागेल. १८९१, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. एडिसनच्या हाताखाली काम केलेला एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरे बनवायच्या मागे होता. लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि कोक घातला, त्यातून वीज सोडली. हिरे काही मिळाले नाहीत. मिळाले कडक, चमकणारे खडे. त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडमचं काहीतरी आहे, म्हणून नाव ठेवलं ‘कार्बोरंडम’. नाव चुकलं, माल मात्र खपला. आजही हार्डवेअरच्या दुकानात हे नाव घेतलंत तर घासायचा दगडच हातात येईल.

१९०७ मध्ये हेन्री राउंडने याच खड्यातून वीज सोडली आणि खडा चक्क उजळला. पण नंतर गाडी अडली, कारण मोठे, शुद्ध स्फटिक करणं कुणाला जमेना. १९५५ मध्ये लेलीने एक पद्धत काढली, १९७८ मध्ये लेनिनग्राडच्या ताइरोव्ह आणि स्वेत्कोव्ह यांनी ती सुधारली. तिथून रस्ता मोकळा झाला.

आता आपला माणूस येतो. बी. जयंत बालिगा, आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी १९८२ मध्ये एक सूत्र मांडलं: कुठल्या पदार्थाचा स्विच केला तर रोध किती कमी पडेल, हे स्विच बनवण्याआधीच कागदावर सांगणारं. त्यात पदार्थ किती तीव्र विद्युतक्षेत्र सोसतो, त्याचा घन येतो. सिलिकॉन कार्बाइड सिलिकॉनच्या जवळपास दहापट सोसतो. दहाचा घन करा, कळेल! गंमत म्हणजे ज्या आयजीबीटीला सिलिकॉन कार्बाइड आज हटवू पाहतोय, त्याच्या जन्मातही बालिगांचाच मोठा हात आहे.

पुढचं झरझर. २००१ मध्ये पहिला विक्रीचा डायोड, २०११ मध्ये मॉस्फेट, मग टेस्ला मॉडेल ३ च्या इन्व्हर्टरमध्ये हीच चिप. बहुतेक व्हिडिओ इथे संपतात. मला वाटतं, अर्धी गोष्ट इथेच राहते.

कारण स्विच फुकट काम करत नाही. घरातला बॅटरीवरचा इन्व्हर्टर असो की गाडीतला, आत स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात. चालू असताना करंट आणि रोध मिळून उष्णता होते. उदाहरणापुरतं बघा: १०० अँपिअर, १० मिलिओहम, म्हणजे १०० वॉट. शिवाय प्रत्येक चालू-बंद होताना क्षणभर व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकत्र हजर असतात, तेव्हाही ऊर्जा जळते. एका फेरीला ४ मिलिज्यूल धरा आणि सेकंदाला २० हजार फेऱ्या: झाले ८० वॉट.

हे मोजायला हवं कॉम्प्युटर. १९७३ मध्ये बर्कलीच्या लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी स्पाइस नावाचा प्रोग्रॅम जगासमोर आणला. (त्याच्या आधीच्या प्रोग्रॅमचं नाव होतं कॅन्सर! खरंच.) पेडरसन यांनी आग्रहाने तो वाटून टाकला, म्हणून तो सगळीकडे पोचला. तुम्ही कॉलेजात फुकट चालवता तो एलटीस्पाइस त्याच घराण्यातला.

पण स्पाइसची इथे दमछाक होते. हा स्विच काही नॅनोसेकंदांत पलटतो, आणि मॉड्यूल व्यवस्थित तापायला सेकंद, मिनिटं लागतात. एक-एक नॅनोसेकंदाच्या पावलाने १०० सेकंद चालायचं म्हटलं तर दहा हजार कोटी पावलं. लॅपटॉप बिचारा काय करणार?

मग इंजिनिअरांनी सोपी युक्ती काढली. स्विच आदर्श समजायचा, शून्य वेळात पलटणारा. प्रत्येक पलटीला फक्त एका तक्त्यात बघायचं: इतकं व्होल्टेज, इतका करंट, इतकं तापमान, तर जळालेली ऊर्जा किती? ती उष्णता चिपपासून हीटसिंकपर्यंतच्या रोध आणि धारकांच्या शिडीत सोडायची. या शिड्यांना फॉस्टर आणि काउअर यांची नावं आहेत. दोघेही टेलिफोनच्या काळातले फिल्टरवाले गणिती. सिलिकॉन कार्बाइडशी त्यांचा संबंध शून्य. विल्हेल्म काउअर तर एप्रिल १९४५ मध्ये बर्लिन पडताना मारला गेला. माझ्या स्क्रीनवर त्याचं नाव रोज येतं.

शिडीतून निघालेलं तापमान परत तक्त्यात घालायचं. तापमान वाढलं की मॉस्फेटचा रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, आणि परत तापमान. हे चक्र स्थिर होईपर्यंत फिरवायचं. मी ते फिरवलंच नव्हतं. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा २५ डिग्रीचा रोध उचलला आणि एकदाच गुणाकार केला. वर चालू-बंद ऊर्जेचे आकडे छापले होते २.५ ओहमच्या गेट रेझिस्टरवर. आमच्या बोर्डावर होता १० ओहमचा. स्विच सावकाश पलटत होता आणि प्रत्येक पलटीला जास्त जळत होता.

त्या संध्याकाळी सरांनी शेजारी बसवून सगळं पुन्हा चालवायला लावलं. चक्र जोडलं, १० ओहमचा तक्ता घातला, आसपासची हवा ४० डिग्री धरली. आकडा १२० वर गेला, १५० वर गेला, १७५ ची मर्यादा ओलांडून वर चढतच राहिला. सर म्हणाले, “बघ, हे दुपारी दोनला चालवायचं होतं.”

फुटलेलं मॉड्यूल अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. पुढच्या भागात डबल पल्स टेस्ट: तो तक्ता मुळात भरतात कसा, ते बघू. चला, भेटूच!