विनाशिका : नांव, बांधणी आणि कार्य

जुन्या कागदांत एखाद्या अधिकाराचें नांव पिढ्यान्‌पिढ्या तेंच राहतें, पण त्याचें काम पार पालटलेलें असतें, हा अनुभव संशोधकांस नवा नाहीं. शिवकालांतील पेशवा हा राजाचा मुख्य प्रधान होता. शाहूच्या निधनानंतर त्याच नांवाखालीं राज्याचा सर्व कारभार हांकणारा पुरुष उभा दिसतो. केवळ नांवावरून कार्याचा निर्णय करणारा अशा ठिकाणीं फसतो. हा नियम युद्धसाधनांसही कसा लागू पडतो, हें ब्रिटिश आरमारांतील विनाशिकांच्या उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विनाशिका खरी, पण कोणाचा विनाश करणारी? याचें उत्तर मूळ नांवांत होतें. इ. स. १८६६ त रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज यंत्रज्ञानें ऑस्ट्रियाच्या ताब्यांतील फ्यूमे बंदरीं पाण्याखालून आपल्याच गतीनें धांवणारा टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, सिद्ध केला. तेव्हांपासून लहानशा बोटीच्या हातीं प्रचंड लढाऊ जहाज बुडविण्याचें सामर्थ्य आलें. फ्रान्सनें अशा बोटी पुष्कळ बांधिल्यामुळें ब्रिटिश आरमारखातें चिंतेंत पडलें. त्यावर उपाय म्हणून, या बोटींस गांठून बुडवितील अशा जलद नौका १८९२ त जॉन फिशर यांच्या पुढाकारानें मागविण्यांत आल्या. त्यांपैकीं यॅरो यांच्या कारखान्यांतील ‘हॅवॉक’ १८९३ त पाण्यांत उतरली. तिचें वजन सुमारें २४० टन, लांबी सुमारें १८० फूट व वेग ताशीं २६ सागरी मैल होता. या नौकांस ‘टॉर्पेडो-बोट-डिस्ट्रॉयर’ म्हणत. पुढें त्यांतील पहिले दोन शब्द गळून पडले, आणि आपल्या ‘विनाशिका’ या शब्दांतही विनाशाचें कर्म उरलें नाहीं. विनाशिकेवर टॉर्पेडो आरंभापासूनच असल्यामुळें, जिच्या नाशासाठीं ती जन्मास आली त्या बोटीचेंच काम तिनें हळूहळू आपल्याकडे घेतलें.

बांधणीचा इतिहास हा वेग आणि बळकटी यांच्या झगड्याचा इतिहास आहे. वेग हवा म्हणून वजन कमी आणि वजन कमी म्हणून पत्रे पातळ, असा प्रकार प्रथम चालला. वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या ‘व्हायपर’नें चांचणींत ताशीं ३६ सागरी मैलांहून अधिक वेग दाखविला, परंतु त्याच जातीच्या यंत्रांची ‘कोब्रा’ ता. १८ सप्टेंबर १९०१ रोजीं उत्तर समुद्रांत मध्येंच मोडून बुडाली. तिजवरील ७९ माणसांपैकीं अवघीं १२ वांचलीं, आणि चौकशींत बांधणीच्या दुर्बलतेवर ठपका आला. १९०३ पासून पाण्यावर आलेल्या ‘रिव्हर’ वर्गांत हा क्रम पालटलेला दिसतो. त्यांचा ठरीव वेग साडेपंचवीस मैलांवर आणिला, सांगाडा भक्कम केला व नाळेकडील भाग उंच केला. वेग कागदावर घटला. खवळलेल्या समुद्रांत मात्र या नौका जुन्यांपेक्षां अधिक वेग टिकवीत.

पहिल्या महायुद्धांत विनाशिकेची जागा मुख्य आरमाराजवळ आहे, असा समज दृढ होता. जटलंडच्या लढाईंत (ता. ३१ मे व १ जून १९१६) ब्रिटिशांच्या सत्तरांहून अधिक विनाशिका होत्या. त्यांतील आठ बुडाल्या. उलट त्यांच्याच टॉर्पेडोनें ‘पोमर्न’ हें जर्मन लढाऊ जहाज बुडालें. परंतु खरा प्राणसंकटाचा प्रसंग आला तो पाणबुड्यांमुळें. एप्रिल १९१७ या एका महिन्यांत ब्रिटिश, मित्र व तटस्थ राष्ट्रांचीं मिळून साडेआठ लक्ष टनांहून अधिक व्यापारी गलबतें बुडालीं. व्यापारी गलबतांचे तांडे करून त्यांस विनाशिकांचें संरक्षण द्यावें, ही गोष्ट आरमारखात्यानें मे १९१७ पासून प्रत्यक्षांत आणिली, आणि तांड्यांतील गलबतांची हानि अत्यल्प झाली. तोंपर्यंतच्या विलंबाची किंमत खलाशांनीं दिली. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर आमच्या कोंकणपट्टींतील खलाशीही असत, हें येथें विसरून चालणार नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत विनाशिकेचें हें दुसरें कार्यच मुख्य ठरलें. तांड्याची चाल मंद, प्रवास हजारों मैलांचा. तेथें ताशीं ३४ मैलांचा वेग निरुपयोगी आणि इंधनाचा सांठा अपुरा पडे. शिवाय ध्वनीच्या साह्यानें पाणबुडीचा ठाव घेणारें अ‍ॅस्डिक यंत्र नौका भरधांव असतां नीट चालत नसे. म्हणून पहिल्या युद्धाच्या अखेरीस बांधिलेल्या ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ वर्गांतील कित्येक नौकांचा एक बॉयलर काढून त्या जागीं तेलाच्या टांक्या बसविल्या. पुढचें धुराडें गेलें, वेग सुमारें साडेचोवीस मैलांवर आला, पण पल्ला वाढला. कांहीं तोफा व टॉर्पेडोच्या नळ्या उतरवून पाण्यांत ठराविक खोलीवर फुटणारे स्फोटक पिंप वाढविले. या वर्गांतील ‘वॉकर’ व ‘व्हॅनॉक’ यांनीं ता. १७ मार्च १९४१ च्या रात्रीं दोन नामांकित जर्मन पाणबुड्या बुडविल्या. पोथीवर मागाहून दुसऱ्या हातानें केलेल्या दुरुस्त्या जशा कालनिर्णयास उपयोगी पडतात, तशाच या नौकांवरील दुरुस्त्या होत.

नामसाम्याविषयींही सावध असावें. १० एप्रिल १९४० रोजीं नार्व्हिकच्या खाडींत शिरलेल्या पांच विनाशिकांत एक ‘हॅवॉक’ आढळते. ती १८९३ ची नव्हे. ती १९३६ त पाण्यांत सोडलेली, साडेतेराशें टनांच्या सुमाराची निराळी नौका होय. एप्रिल १९४२ त ती ट्यूनिसच्या किनाऱ्यावर फुटली.

याच्या उलट, नौका एक आणि नांवें दोन, असाही प्रकार घडतो. क्लाइडबँक येथें १९४२ त पाण्यांत उतरलेली ‘रॉदरहॅम’ हीच १९४९ पासून भारतीय नौदलाची ‘राजपूत’ झाली. ‘रिडाउट’ व ‘रेडर’ या तिच्या भगिनी अनुक्रमें ‘रणजित’ व ‘राणा’ झाल्या. ‘राजपूत’वर चार तोफा व आठ टॉर्पेडोंच्या नळ्या बसविलेल्या होत्या. तथापि तिचें नांव गाजलें तें पाण्यांत टाकावयाच्या स्फोटक पिंपांमुळें. ता. ३ व ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्रीं विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी सर्व माणसांसह बुडाली. ‘राजपूत’च्या माऱ्यानें ती बुडाली, हें भारतीय नौदलाचें म्हणणें, अपघाती स्फोटानें बुडाली, हें पाकिस्तानचें. स्थळ व रात्र उभयपक्षीं मान्य आहेत. वाद केवळ कारणाचा आहे. अशा ठिकाणीं सिद्ध काय आणि प्रतिपादित काय, हें वेगळें लिहिणें हाच मार्ग आम्हांस योग्य वाटतो.

तात्पर्य, विनाशिकेचा विचार करणाऱ्यानें प्रथम तिचें बांधणीचें वर्ष निश्चित करावें, नंतर तिजवर झालेल्या दुरुस्त्यांचीं वर्षें पाहावीं, आणि मगच नांवाकडे वळावें. आरमारखात्यानें नांवास चिकटून कार्य ओळखण्यास उशीर केला, त्याचा परिणाम १९१७ त दिसला. इतिहासलेखकाच्या अशाच चुकीनें गलबतें बुडत नाहींत, परंतु त्या गलबतांवरील माणसें दुसऱ्यांदा नाहींशीं होतात.