गोलरक्षकाचे पाय

गोष्ट १९८० सालची. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टनच्या विमानतळावर सतरा वर्षांचा एक मुलगा उतरला. उंची जवळजवळ सात फूट, अंगानं काटकुळा. आला होता नायजेरियातल्या लागोसहून. ह्यूस्टन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात आपल्याला घेतील, या आशेवर तो एवढा लांब आला होता. पण त्याला घ्यायला विद्यापीठाचं कुणीच आलेलं नव्हतं. त्यानं फोन केला, तेव्हा ‘टॅक्सी करून या’ असं उत्तर मिळालं. चौदा वर्षांनी ज्याच्या नावाचा याच शहरात जयघोष व्हायचा होता, त्या हकीम ओलाजुवानचं स्वागत हे असं झालं.

हकीमचा जन्म २१ जानेवारी १९६३ चा. आई-वडील योरुबा समाजातले, धर्मानं मुसलमान. लागोसमध्ये त्यांचा सिमेंटचा व्यापार होता. त्या काळच्या लागोसची गंमत सांगायला हवी. १९७० नंतर नायजेरियात तेलाचा पैसा धो धो येऊ लागला. रस्ते, पूल, सरकारी इमारती, सैनिकांच्या बराकी, सगळं एकदम बांधायचं ठरलं. सरकारनं परदेशांतून जवळजवळ दोन कोटी टन सिमेंट मागवलं. बंदराची कुवत वर्षाला साधारण दहा लाख टनांची! १९७५ साली लागोसच्या बंदराबाहेर शेकडो जहाजं महिनोन्‌महिने नांगर टाकून उभी राहिली. जहाजांतलं सिमेंट दमट हवेनं जागच्या जागी दगड झालं. या घाईतच खेळांनाही दिवस बरे आले. सुरुलेरे भागात १९७२ साली राष्ट्रीय स्टेडियम उभं राहिलं आणि १९७३ च्या जानेवारीत अखिल आफ्रिकी क्रीडास्पर्धा तिथे भरल्या. हकीम त्याच महिन्यात दहा वर्षांचा झाला.

पण त्या शहरातल्या पोरांचा खेळ म्हणजे फुटबॉल. हकीम गोलरक्षक होता. मुस्लिम टीचर्स कॉलेजात शिकताना तो हँडबॉलही खेळायचा. उंचीवरून मुलं त्याला चिडवत. आपल्याकडेही अशा मुलाला ‘ताडमाड’ म्हणतात आणि फोटोत मागच्या रांगेत उभं करतात. बास्केटबॉलशी मात्र त्याचा पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत काडीचाही संबंध आला नव्हता. एका स्पर्धेच्या वेळी त्याला त्या संघात ओढण्यात आलं, आणि तिथून सारं सुरू झालं. चेंडू वरून रिंगमध्ये कसा आदळायचा, ते एका प्रशिक्षकानं म्हणे खुर्चीवर उभं राहून दाखवलं. ते पाहून हकीमही खुर्चीवर चढू लागला! किस्सा थोडा तिखटमीठ लावलेला असेल. पण मुलगा किती कोरा होता, हे त्यावरून कळतं.

हा कोरेपणाच त्याच्या कामी आला, असं माझं मत आहे. अमेरिकेतली उंच मुलं लहानपणापासून बास्केटखाली उभी राहायला शिकतात. त्यांना दिलेलं काम म्हणजे जागा अडवायची आणि हात वर करायचे. हकीमचे पाय मात्र फुटबॉलच्या मैदानावर तयार झाले होते. चेंडू सुटायच्या आधी तो कुठे जाणार हे हेरायचं, एका पावलात अंग वळवायचं, झेपावायचं, हे गोलरक्षकाचं रोजचं काम. एक अडचण होती. बास्केटबॉलच्या नियमानुसार चेंडू वर जात असेल तोवरच तो अडवता येतो. बास्केटकडे खाली येऊ लागलेल्या चेंडूला हात लावला, तर समोरच्या संघाला गुण. अमेरिकन माणूस या गुन्ह्याला ‘गोलटेंडिंग’, म्हणजे गोलरक्षणच म्हणतो. गोलरक्षक अगदी शेवटच्या क्षणी चेंडू अडवतो, इथे तो पहिल्या क्षणी अडवायला हवा. गोलरक्षकाला आपली अर्धी विद्या नव्यानं शिकायची होती.

ह्यूस्टनचे प्रशिक्षक गाय लुईस हे मुरलेले गृहस्थ. पहिल्या वर्षी, १९८०-८१ मध्ये, विद्यापीठीय क्रीडा संघटनेच्या नियमांमुळे हकीमला सामन्यात उतरता आलं नाही. पुढच्या वर्षी संधी मिळाली, तीही बहुतेक राखीव म्हणून. सरासरी भरली सामन्याला ८.३ गुणांची. आणखी वेळ खेळायला मिळावा म्हणून काय करू, असं त्यानं प्रशिक्षकांना विचारलं. त्यांनी त्याला मोझेस मलोनकडे पाठवलं.

मलोन तेव्हा ह्यूस्टन रॉकेट्स या व्यावसायिक संघाचा आधारस्तंभ होता. व्यावसायिक लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झालेला होता. उन्हाळ्यात शहरातल्या एका सार्वजनिक बंदिस्त कोर्टावर मोठे मोठे खेळाडू हौसेनं खेळायला जमत. तिथे ना पंच, ना प्रेक्षक. मलोन खांदा लावून या पोराला मागे रेटायचा, फाऊल मागितला तर लक्षच द्यायचा नाही. त्या उन्हाळ्यानंतर विद्यापीठात परतलेला हकीम वेगळाच होता. १९८२-८३ मध्ये सामन्यागणिक सरासरी ११.४ रिबाउंड आणि पाचाहून अधिक ब्लॉक! क्लाइड ड्रेक्सलर आणि हकीम यांचा हा संघ रिंगमध्ये चेंडू असा आदळायचा, की एका स्थानिक वार्ताहरानं त्याला ‘फाय स्लामा जामा’ हे गमतीदार नाव दिलं, आणि तेच रूढ झालं.

ओळीनं सव्वीस सामने जिंकून हा संघ ४ एप्रिल १९८३ रोजी अल्बुकर्की इथे अंतिम सामन्यात उतरला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट उंच, हवा विरळ. समोर नॉर्थ कॅरोलायना स्टेट हा संघ. ह्यूस्टन हरेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण उत्तरार्धात आघाडी मिळाल्यावर लुईस यांनी वेगवान खेळ थांबवून चेंडू राखायला सांगितलं. खेळाडूंचे हुकमी फ्री थ्रो हुकले, आणि गुण ५२-५२ असे बरोबरीत आले. अखेरच्या सेकंदांत डेरेक व्हिटनबर्गनं फार लांबून चेंडू भिरकावला. तो बास्केटपर्यंत पोचलाच नाही. बास्केटखाली उभ्या असलेल्या लोरेन्झो चार्ल्सनं तो हवेतच पकडला आणि सरळ रिंगमध्ये घातला. ५४-५२, खेळ खलास. वीस गुण आणि अठरा रिबाउंड मिळवूनही हकीम हरला होता. तरीही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा मान त्यानंतर आजवर मिळालेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना. या वेळी पॅट्रिक युइंगच्या जॉर्जटाउननं ८४-७५ असं हरवलं.

१९८४ च्या खेळाडू-निवडीत पहिली पाळी कुणाची, हे नाणेफेकीवर ठरलं. ती रॉकेट्सनं जिंकली आणि हकीमला घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी, तिसऱ्यावर मायकेल जॉर्डन. जॉर्डनला सोडल्याबद्दल पोर्टलंडवाल्यांना लोक अजून बोल लावतात, रॉकेट्सना कुणी काही म्हणत नाही. आदल्या मोसमात २९ सामने जिंकलेल्या रॉकेट्सनं हकीमच्या पहिल्याच वर्षी ४८ जिंकले. १९८६ मध्ये लेकर्सना हरवून संघ अंतिम फेरीत पोचला, पण बोस्टनपुढे ४-२ असा हरला. विजेतेपदासाठी १९९४ साल उजाडावं लागलं. त्या वेळी अंतिम फेरीत समोर न्यूयॉर्कचा संघ होता, आणि त्यात तोच युइंग. हकीमचे ३,८३० ब्लॉक हा अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधला उच्चांक आजही कायम आहे.

एक राहिलंच. अमेरिकेत आल्यापासून त्याचं नाव ‘अकीम’ असं लिहिलं जात होतं. सुरुवातीचा ‘ह’ गळून पडला होता. आपल्याकडे हकीम म्हणजे वैद्य, अरबीत मूळ अर्थ शहाणा. विद्यापीठातली चारही वर्षं, रॉकेट्समधली पहिली सहा वर्षं, वर्तमानपत्रांचे मथळे, सगळीकडे अकीमच. हे नाव असं लिहीत नाहीत, असं त्यानं १९९१ साली सगळ्यांना सांगितलं आणि ते दुरुस्त करून घेतलं. तोपर्यंत तो ह्यूस्टनमध्ये येऊन दहा वर्षं उलटून गेली होती.