सतरा सेकंदांचा जाळ

ग्रेसी मॅन्शन म्हणजे न्यूयॉर्कच्या महापौरांचं अधिकृत निवासस्थान. 1966 साली तिथल्या फायरप्लेससमोर डब्ल्यूपीआयएक्स या स्थानिक टीव्ही वाहिनीच्या मंडळींनी कॅमेरा लावला. जाळ स्वच्छ दिसावा म्हणून त्यांनी पुढची संरक्षक जाळी काढून ठेवली. व्हायचं तेच झालं. एक ठिणगी उडाली आणि चार हजार डॉलर किमतीचा जुना गालिचा जळाला.

ही उठाठेव होती वाहिनीचे प्रमुख फ्रेड थ्रोअर यांच्या एका कल्पनेपायी. न्यूयॉर्कमधली असंख्य कुटुंबं अपार्टमेंटमध्ये राहत होती. तिथं उबेची सोय वाफेवरचे रेडिएटर करत, फायरप्लेस नसेच. अशा घरांना नाताळची भेट म्हणून टीव्हीवर नुसता जळता ओंडका दाखवायचा, मागे नाताळची गाणी लावायची आणि जाहिरात एकही घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. त्या रात्रीच्या रोलर डर्बीच्या खेळाला सुट्टी मिळाली आणि 24 डिसेंबरला ‘यूल लॉग’ हा कार्यक्रम तीन तास चालला. फिल्म 16 मिलिमीटरची, आणि तीही अवघ्या 17 सेकंदांची. तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहिला. आज मोबाइलवर आठ-दहा तासांचा जाळ फुकट मिळतो, त्याचा हा मूळपुरुष.

पण कूळ शोधायचं तर 1966 च्याही सव्वादोनशे वर्षं मागे जावं लागतं. 1744 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या नव्या ‘पेनसिल्व्हेनियन फायरप्लेस’ची भलामण करणारी पुस्तिका काढली. उघड्या फायरप्लेसची बहुतेक ऊब धुराड्यातून आभाळात जाते आणि लाकडं मात्र ढिगानं लागतात, हे त्यांचं दुखणं. पुस्तिकेत त्यांनी डच पद्धतीची बंद लोखंडी शेगडीही तपासली. ती खोली उत्तम तापवते हे मान्य केलं, पण तिच्या उणिवांमध्ये एक अशी नोंदवली, की तिच्यात आग दिसत नाही आणि आग दिसणं ही स्वतःच सुखाची गोष्ट आहे. काडी न् काडीचा हिशेब मांडणाऱ्या माणसानं हे लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. स्वतःच्या उपकरणाचं तोंड त्यांनी उघडं ठेवलं होतं.

हिशेब मात्र बंद शेगडीच्याच बाजूनं होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत घरोघर ती आली, आणि लेखकमंडळी कुरकुरू लागली. नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी 1843 मध्ये याच विषयावर अख्खा निबंध लिहिला. वॉल्डन तळ्याकाठी राहणाऱ्या थोरोंनी दुसऱ्या हिवाळ्यात काटकसरीसाठी छोटी शेगडी वापरली, पण जाळ दिसेनासा झाल्यावर आपला सोबती गेल्यासारखं त्यांना वाटलं. एकच आग तोवर ऊब आणि सोबत अशी दोन्ही कामं करत होती. शेगडीनं पहिलं काम उचललं, दुसरं निराधार राहिलं. पुढे बॉयलर तळघरात गेला तेव्हा तर आग घराच्या नजरेआडच झाली.

इंग्रजांनी उघड्या कोळशाचा हट्ट जास्त काळ धरला. तरी 1920 च्या दशकात तिथं ‘मॅजिकोल’ नावाची विजेची शेगडी दिसू लागली. तिची करामत साधी होती. खोट्या कोळशाखाली दिवा आणि दिव्याच्या वर हलकी पत्र्याची चक्री. दिव्याच्या गरम हवेनं चक्री गरगरे आणि तिची सावली कोळशांवर थरथरे. मोटार नाही, काही नाही. मग डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर विषारी धुक्याची चादर पाच दिवस बसली, हजारो माणसं दगावली, आणि 1956 च्या स्वच्छ हवा कायद्यानं शहरांमधल्या धुराच्या कोळशावर बंधनं आली. विजेच्या आणि गॅसच्या नकली निखाऱ्यांना त्यानंतर दिवाणखान्यात हक्काची जागा मिळाली. पुढच्या कित्येक विजेच्या शेगड्यांत तर उजेडाचं बटण वेगळं आणि गरम करण्याचं वेगळं असे. म्हणजे उन्हाळ्यातही नुसता जाळ लावता येई!

थ्रोअर यांनी उरलेली ऊबही वगळली, एवढंच. त्यांची फिल्म मात्र वापरून वापरून झिजली. 1970 मध्ये ती पुन्हा चित्रित करायची ठरली तेव्हा ग्रेसी मॅन्शननं साफ नकार दिला. गालिचा ते विसरले नव्हते. शेवटी कॅलिफोर्नियात पालो आल्टोला तसाच फायरप्लेस सापडला आणि ऐन ऑगस्टच्या उकाड्यात तिथं ओंडके पेटवले गेले. या वेळी फिल्म 35 मिलिमीटरची आणि सहा-सात मिनिटांची होती. हा बदल महत्त्वाचा, कारण 17 सेकंदांच्या फेऱ्यात तीच ज्वाळा तिथंच परत येते, हे डोळ्यांना चटकन कळतं. खरी आग स्वतःची नक्कल करत नाही.

तीन तास जाहिरातीविना चालवणं परवडेना म्हणून 1990 मध्ये कार्यक्रम बंद पडला. 2001 च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यानंतर शहर हादरलेलं होतं. त्या नाताळात वाहिनीनं तो पुन्हा दाखवला, आणि न्यूयॉर्ककरांनी तो मनापासून पाहिला.

नॉर्वेनं तर नकलेचा फेराच मोडला. फेब्रुवारी 2013 मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीनं, एनआरकेनं, सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम केला: चार तास लाकूडतोडीच्या गप्पा आणि आठ तास थेट जळणारी आग. लार्स मिटिंग यांच्या सरपणावरच्या पुस्तकातून ती कल्पना निघाली होती. प्रेक्षकांचे तक्रारीचे संदेश आले. निम्म्यांचं म्हणणं, ओंडक्यांची साल वर ठेवलीत हे चूक. उरलेल्यांचं म्हणणं, खाली ठेवलीत हे चूक.

पुढच्याच वर्षी अलाबामा विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर लिन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना पडद्यावरची आग दाखवून त्यांचा रक्तदाब मोजला होता. आग पाहताना तो उतरला, पण तडतड ऐकू येत असेल तरच. मुक्या आगीनं तो गुण दिला नाही. या निष्कर्षामुळे आजच्या पर्यायांकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहते. बायोइथेनॉलच्या शोभेच्या शेगडीत ज्वाळा खरी असते, धूर नसतो, धुराडं लागत नाही. पण गरम भांड्यात पुन्हा इंधन ओतताना भडका उडून माणसं गंभीर भाजली आहेत, तेव्हा मुलाबाळांच्या घरात मी ती ठेवणार नाही. पाण्याच्या वाफेची विजेची शेगडी बिनधोक. तिच्यातली अल्ट्रासॉनिक चकती पाण्याचं बारीक धुकं करते, खालून केशरी प्रकाश पडतो, आणि वर उठणारा तो जाळ खरोखर बेमालूम असतो. टाकीत पाणी भरावं लागतं आणि विकत घेण्याआधी तिला तडतडीचा स्पीकर आहे की नाही, ते विचारून घ्यावं.