जुन्या छऱ्याच्या बंदुका आणि एक लाडका भ्रम

जुन्या एअर रायफलींच्या संग्राहकांमध्ये एक मत इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. ते मत असे: हवेच्या बंदुकांचा सुवर्णकाळ होऊन गेला, आता तशा बंदुका होत नाहीत. मला या बंदुका मनापासून प्रिय आहेत. म्हणूनच त्यांच्या बाजूने दिली जाणारी ही साक्ष तपासल्याशिवाय मान्य करायला मी तयार नाही.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. बर्मिंगहॅमच्या बीएसए आणि वेब्ली अँड स्कॉट, जर्मनीतल्या डायना आणि वायराउख या कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि नंतरच्या काही दशकांत केलेल्या रायफली अस्सल पोलादाच्या आणि सकस लाकडाच्या होत्या. त्यांच्यावरून कारागिराचा हात फिरलेला असे. त्या अचूक होत्या, जोरकस होत्या आणि घरच्या घरी दुरुस्त होत. पुढे नफ्याचा हिशेब वरचढ झाला, प्लास्टिक शिरले, कारखाने परदेशी हातांत गेले आणि विद्या संपली. शिवाय, नव्वद वर्षांपूर्वीची बंदूक आजही नेम धरते, याहून मोठा पुरावा कोणता?

मांडणी देखणी आहे. आता तिचा एकेक खांब तपासू.

पहिला खांब कारागिराच्या हाताचा. बीएसए १८६१ मध्ये स्थापन झाली ती कशासाठी? क्रिमियन युद्धाच्या सुमारास एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकी यंत्रे आली. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत जसाच्या तसा बसू लागला. कानस घेऊन एकेक भाग जुळवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांचा धंदा धोक्यात आला. तेव्हा त्यांनीच एकत्र येऊन यंत्रावर बंदुका करणारी कंपनी उभी केली. तीच ही बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. लिंकन जेफ्रीज या बर्मिंगहॅमच्याच बंदूककाराने १९०४ मध्ये पेटंट घेतलेली, नळीखालची पट्टी ओढून कमान दाबायची रायफल बीएसएने १९०५ पासून बाजारात आणली, ती याच यंत्रसंस्कृतीतून. ती उत्तम होती यात वाद नाही. पण ती उत्तम झाली ती अचूक यंत्रकामामुळे, एकसारख्या मापांमुळे आणि कडक तपासणीमुळे. ज्या कंपनीचा जन्मच हाताची जागा यंत्राला देण्यासाठी झाला, तिच्या मालात हस्तकलेचा आत्मा शोधायचा, हे त्या कंपनीच्या खऱ्या पराक्रमाकडे पाठ फिरवणे आहे.

दुसरा खांब साहित्याचा: जुने ते पोलाद आणि अक्रोड, नवे ते पत्रा आणि प्लास्टिक. पण पत्रा नवा आहे काय? अमेरिकेत मिशिगनमधल्या प्लिमथ गावी पवनचक्क्या करणाऱ्या एका कंपनीने १८८० च्या दशकात पवनचक्कीच्या गिऱ्हाइकांना देण्यासाठी एक हवेची बंदूक केली. चक्क्या मागे पडल्या, बंदूक पुढे गेली आणि १८९५ मध्ये कंपनीनेच त्या बंदुकीचे नाव घेतले: डेझी. या डेझीचे सारे साम्राज्य ठोकलेल्या पत्र्यावर उभे राहिले. ब्रिटनमध्ये बीएसएने १९५९ मध्ये काढलेली मीटिऑर पोरांच्या खिशाला परवडावी म्हणूनच आखलेली होती. तिचा दस्ता बीचच्या लाकडाचा. स्वस्त माल तेव्हाही होता आणि तो भरपूर होता.

मग संग्रहात भारी बंदुकाच का दिसतात? कारण हलक्या बंदुका मोडल्या, गंजल्या, भंगारात गेल्या. उरल्या त्या मुळातच महाग, जपून वापरलेल्या, तेल लावून कपाटात ठेवलेल्या. तेवढ्या पाहून साऱ्या काळाला प्रमाणपत्र द्यायचे, हा कोणता न्याय? ‘नव्वद वर्षांपूर्वीची बंदूक आजही चालते’ या युक्तिवादाचे उत्तरही इथेच मिळते. न चाललेल्या बंदुका साक्षीला यायला शिल्लकच नाहीत.

तिसरा खांब जोराचा आहे आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण स्मृती सगळ्यात जास्त फसवते ती इथे. ‘लहानपणी आमची बंदूक फळीच्या आरपार छर्रा मारायची’ असे सांगणारे गृहस्थ खोटे बोलत नसतात. त्यांना तसे खरोखर आठवते. पण आधी तर्काने पाहा. ब्रिटनमध्ये हवेच्या रायफलीच्या जोरावर बारा फूट-पौंडांची मर्यादा १९६९ च्या नियमांनी आली. त्याआधी बीएसए किंवा वेब्लीचे हात या मर्यादेने बांधलेले नव्हते. तरीही त्या काळातल्या बहुतेक रायफली मोजल्या की आकडा बाराच्या बराच खाली येतो. आज त्या मर्यादेला अगदी लगटून, छऱ्यामागून छर्रा तोच वेग देणारी रायफल ही सामान्य गोष्ट आहे. छऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ पुष्कळ नेमबाजांकडे असतो. तो मांडावा, दहा छर्रे झाडावेत आणि आकडे लिहून काढावेत. त्याच्यापुढे आठवणीचे काय चालणार?

मग तो कडाका, तो धूर, तो धक्का कुठून आला? तेलातून. या बंदुकीच्या पोटात एक दट्ट्या असतो आणि त्याच्या तोंडावर चामड्याचा वॉशर, रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात असे अगदी तसाच. चामडे सुकले की हवा निसटते, म्हणून त्याला तेल पाजावे लागते. चाप ओढला की कमान सुटते, दट्ट्या झेपावतो, समोरची हवा क्षणार्धात दाबली जाऊन विलक्षण तापते आणि तिथे जास्तीचे तेल असेल तर ते पेटते. डिझेल इंजिन चालते ते याच तत्त्वावर. हवेच्या बंदुकांचा अभ्यास करणाऱ्या कार्ड्यू पितापुत्रांनी हे प्रयोगाने दाखवून दिले: हवेच्या जागी नायट्रोजन भरून बंदूक झाडली, तेव्हा छऱ्याचा वेग घसरला, कारण जळायला प्राणवायूच नव्हता. उत्साही पोराने भोकातून तेलाची धार सोडावी आणि पुढचे चार बार तोफेसारखे वाजावेत, यात बंदुकीचे कर्तृत्व किती आणि तेलाचे किती? तो जोर उसना होता. त्याची किंमत कमान आणि वॉशर मोजत होते.

चौथा खांब अचूकतेचा. यासाठी बीएसएची एअरस्पोर्टर समोर ठेवू. १९४८ मध्ये आलेली ही रायफल संग्राहकांच्या गळ्यातला ताईत आहे, आणि दिसायला ती आहेही तशीच: कमान दाबायची पट्टी दस्त्याच्या लाकडात अशी लपवलेली की सारी रेषा अखंड वाटते. तिची नळी मोडत नाही, म्हणून छर्रा भरायला वर एक आडवी गोल टोटी दिलेली आहे. टोटीच्या भोकात छर्रा तोंड पुढे करून टाकायचा आणि टोटी फिरवून बंद करायची. आता नीट पाहा. छर्रा अजून नळीत नाहीच, तो टोटीत बसलेला आहे. बार सुटल्यावर त्याने टोटीतून उडी घेऊन नळीचे तोंड गाठायचे, मग आटे त्याला धरणार. टोटी आणि नळी यांची भोके केसभर जरी सरकली, तर मऊ शिशाच्या छऱ्याची कड खरवडली जाते. वर्षानुवर्षांच्या वापराने टोटी झिजली की हवा बाजूने निसटते आणि प्रत्येक बार निराळा पडतो. १९८० च्या दशकात वायराउखने काढलेल्या एचडब्ल्यू ७७ मध्ये सिलिंडरच मागे सरकतो, नळीचे तोंड उघडे पडते आणि अंगठ्याने छर्रा थेट आट्यांत बसवता येतो. नळी तितकीच पक्की, टोटीचा सगळा घोळ मात्र नाहीसा. ही प्रगती नव्हे तर काय?

पूर्वपक्ष इथे आपला सर्वांत सामर्थ्यवान साक्षीदार उभा करतो: फाइनवेर्कबाउची ३०० एस. माउझरमधून बाहेर पडलेल्या वेस्टिंगर आणि आल्टनबुर्गर यांच्या ओबेर्नडॉर्फच्या कंपनीची ही रायफल आजही दहा मीटरांवर एकाच भोकात छर्रे टाकते. बार होताना तिची सारी यंत्रणा रुळांवरून मागे सरकते, त्यामुळे धक्का खांद्यापर्यंत पोहोचत नाही. साक्षीदार खरा आहे. पण तो कोणाच्या बाजूने बोलतो? ही रायफल तिच्या काळातली सर्वांत आधुनिक वस्तू होती. जुन्या घडणीतला धक्क्याचा दोष नाहीसा करण्यासाठी ती जन्मली. आणि पुढे दाबून भरलेल्या हवेच्या रायफली आल्या, तेव्हा स्पर्धकांनी तिलाही बाजूला ठेवले. आज दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. २०२२ मध्ये कैरोत या प्रकारात जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कमानीची जुनी रायफल घेऊन उभा राहिला नव्हता. ज्यांचे पदक केसाच्या अंतरावर ठरते, त्यांनी निवाडा केव्हाच दिला आहे.

उरला दुरुस्तीचा मुद्दा. तो मी बऱ्याच अंशी मान्य करतो. चामड्याचा वॉशर घरी कापता येतो. उलट फाइनवेर्कबाउच्याच १२४ मधले मूळचे कृत्रिम वॉशर काळाने भुगा होऊन पडतात. इथे जुने चामडे जिंकते. परंतु यावरून ‘आता तशा बंदुका होत नाहीत’ हे सिद्ध होत नाही. वायराउखची एचडब्ल्यू ३५ गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या सुरुवातीला आली. मेलरिखश्टाटच्या कारखान्यात ती पुढे एकविसाव्या शतकातही होत राहिली, पोलाद आणि लाकूड घेऊनच. ज्यांना तशी बंदूक हवी आहे त्यांनी ती विकत घ्यावी. विद्या संपली म्हणून गळा काढू नये.

आता या भ्रमाने होणारे नुकसान. भ्रम निरुपद्रवी असता, तर मी लेखणी उचलली नसती. जुनी रायफल ही आजच्याहून सरस बंदूक आहे असे एकदा ठरले की मालक तिच्याकडून तशी कामगिरी मागू लागतो. ती मिळत नाही. मग आत नवी कडक कमान येते, दुर्बीण बसवण्यासाठी सिलिंडरवर भोके पाडली जातात, गंज घालवण्याच्या नादात पॉलिशच्या चाकावर कंपनीची अक्षरे पुसट होतात आणि वर नवा निळा-काळा मुलामा चढतो. बंदूक चकाकते. तिच्यातला इतिहास मात्र गेलेला असतो.

आणि केवढा इतिहास! डायनाचेच उदाहरण घ्या. राश्टाटच्या मायर आणि ग्रामेलश्पाखर यांची ही कंपनी १८९० ची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची यंत्रे आणि तिचे नाव दोन्ही युद्धभरपाईत ब्रिटनला गेली, आणि स्कॉटलंडमधल्या मदरवेल गावी मिलब्रो कंपनी ‘डायना’ बनवू लागली. मूळ जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याला ब्रिटनमध्ये स्वतःचेच नाव वापरता येईना. त्याचा माल तिथे ‘ओरिजिनल’ या नावाने विकला गेला. मिलब्रो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि मग नाव माघारी आले. म्हणजे ‘जुनी जर्मन डायना, तिची सर कशाला नाही’ असे म्हणणाऱ्या कित्येकांच्या हातात स्कॉटिश बंदूक असते. आपल्याकडेही हा घोळ आहे. मुंबईच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीच्या आयएचपी बंदुका डायनाच्याच घडणीवर बेतलेल्या, आणि जुन्या वाड्यातली कुठलीही मोडून भरायची बंदूक सरसकट जर्मन ठरते. खरे काय ते सिलिंडरवरची अक्षरे सांगतात. तीच पुसली तर कोण सांगणार?

किंवा बीएसएच्या १९०५ नंतरच्या रायफली पाहा. बोअर युद्धात ब्रिटिश शिपायाचा नेम कच्चा पडल्याची बोच देशभर होती. त्यातून नेमबाजीची मंडळे गावोगाव निघाली, आणि इंग्लंडच्या मध्य भागातल्या दारूच्या गुत्त्यांत घंटेच्या निशाणीचा खेळ रुजला. सहा-सात यार्डांवर पोलादी पत्रा, त्यात इंचाच्या तीन अष्टमांश व्यासाचे भोक आणि त्यामागे घंटा. भोकातून छर्रा गेला की घंटा वाजते. त्या अंतरावर, त्या खेळासाठी टोटीनेच भरायची ही बीएसए अगदी चोख होती. तिच्या वाट्याला न आलेली कामगिरी तिच्या माथी मारून आपण तिचा कोणता सन्मान करतो? ती जे काम करण्यासाठी घडली ते तिने नेकीने केले. मला एवढी थोरवी पुरेशी वाटते. ज्यांना पुरत नाही, त्यांचे प्रेम बंदुकीवर आहे की स्वतःच्या बालपणावर, हे त्यांनीच ठरवावे.

वाचकहो, दोन्ही बाजू तुमच्यासमोर आहेत. माझी मागणी एवढीच आहे. अशी एखादी रायफल तुमच्या घरात माळ्यावर असेल, तर प्रथम ती भरलेली नाही याची खात्री करा. मग तिच्यावरची प्रत्येक खूण आणि क्रमांक वहीत उतरवून घ्या, ती कोणी, कधी, कुठून आणली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून शेजारी लिहा. गंजावर हलक्या हाताने तेल फिरवा, पण पॉलिशवाल्याच्या हवाली करू नका. वॉशर बदललाच, तर जुना चामडी वॉशर टाकून न देता चिठ्ठी लावून बंदुकीसोबतच ठेवा.