गाळ उठला ती पहाट

शुक्रवार, २२ सप्टेंबर २०२३. रात्री ८

धरमपेठेत घरोघरी महालक्ष्म्यांच्या पंगती उठत आहेत. सोळा भाज्या, आंबील, पुरण. उद्या विसर्जन. भांडी घासून होत आहेत, साबण आणि तेलकट पाणी नालीला लागतं आहे. नागपूरच्या सांडपाण्याचा मोठा वाटा प्रक्रियेविनाच नाग नदीत जातो, म्हणून तर तिच्यासाठी सुमारे १९२७ कोटींची प्रदूषण निर्मूलन योजना मंजूर करावी लागली.

ही नदी इथून हाकेच्या अंतरावर आहे. अंबाझरी तलावाच्या बांधाखालून निघते, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, धरमपेठेची कड, रामदासपेठ, सीताबर्डी असं करत शहर ओलांडते. अंबाझरी १८७० च्या सुमारास नागपूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. आता शहराशेजारच्या वाडीकडचं सांडपाणी त्यात येतं आणि त्यावर जलपर्णी माजते.

रात्री १०

नदीच्या तळाशी काय आहे ते जरा जवळून पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट तिथूनच उठणार आहे.

वरचा बोटभरही नसलेला थर तपकिरी. त्याखाली काळाकुट्ट गाळ, काडीने उकरला की सडक्या अंड्यांचा वास. तिथे प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू गंधकावर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्याचा लोखंडाशी संयोग झाला की गाळ काळा पडतो. टायरच्या भुकटीतलं जस्त, ब्रेकच्या घासण्यातलं तांबं, जुन्या रंगांतलं शिसं याच गंधकाला चिकटून तळाशी थांबतं. जोवर कोणी ढवळत नाही, तोवर यातलं बरंचसं विष बांधलेलं असतं.

या गाळात जीव आहेत. कायरोनोमस नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कीटकाच्या लाल अळ्या इथे नळ्या करून राहतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे जवळजवळ प्राणवायू नसलेल्या चिखलातही त्या तग धरतात. त्या गाळच खातात. मासे त्यांना खातात. गाळात जे आहे ते असं ताटापर्यंत चढतं.

रात्री ११

सप्टेंबर म्हणजे डेंग्यूचे दिवस. धूरफवारणीत सहसा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात, घरातल्या मच्छर मारायच्या स्प्रेमध्येही तीच. वाळवीसाठी पायात ओतलेलं क्लोरपायरीफॉस वेगळं. माणसाचं यकृत पायरेथ्रॉइड लवकर मोडून टाकतं, माशाला ते जमत नाही. सायपरमेथ्रिनचे लिटरला काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश, अनेक जातींच्या माशांना मारायला पुरतात. मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे की डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपण गप्पी मासे सोडतो, आणि गप्पी ज्या पाण्यात पोहतात त्याच्यावरच फवारतो.

पाण्यात हे औषध फार वेळ राहत नाही. ते पाण्यापेक्षा मातीला धरतं, एक-दोन दिवसांत गाळात उतरतं. मग पाण्याचा नमुना निर्दोष निघतो. गाळ मात्र महिनोन्महिने ते धरून बसतो.

शनिवार, २३ सप्टेंबर. मध्यरात्र उलटल्यावर

विजा. ढगांचा गडगडाट असा की झोपलेलं शहर जागं झालं. मग पाऊस.

पहाटे २ ते ४

चारेक तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यातला बराचसा या मधल्या वेळातला. सिमेंटच्या रस्त्यांवर पाणी मुरायला जागा नाही. अंबाझरी आधीच काठोकाठ होता, तो सांडू लागला. सांडव्यासमोरच्या बांधकामामुळे पाणी अडलं का, यावर पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका झाली.

नदीच्या तळाशी याच वेळी दुसरी घटना घडत होती. पाण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तळावरचे बारीक कण सुटतात. आधी सैल थर, मग त्याखालचा घट्ट काळा. जो गाळ वर्षानुवर्षं प्राणवायूविना पडून होता, तो प्राणवायू असलेल्या पाण्यात मिसळतो आणि आधाशासारखा तो शोषून घेतो. गंधकाचे बंध तुटू लागतात, धातू मोकळे होतात. साचलेला अमोनिया वर येतो. माशाचे कल्ले मातीच्या कणांनी भरतात, आणि नेमक्या त्याच क्षणी पाण्यात श्वास घेण्यासारखं कमी उरतं. स्वच्छ पाण्यात २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. मासेमारीच्या पाण्यात तो किमान चार हवा. दोनच्या खाली गेला की रोहू, कतला पृष्ठभागाशी तोंड उघडून धडपडतात. मागूर आणि मरळ हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून ते टिकतात.

पहाटे ५.३०

वेधशाळेच्या नोंदीत १०६ मिलिमीटर. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटमध्ये पाणी खाटांच्या वर. झोपेतच लोकांना पाण्याने गाठलं. माणसं गेली, त्यांत अंथरुणाला खिळलेलं म्हातारपणही होतं.

सकाळी ८

एनडीआरएफ, एसडीआरएफ, पाठोपाठ लष्कर. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातली मुलं आणि एलएडी कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुली सुखरूप बाहेर काढल्या. मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात. पंचशील चौकातला पूल खचला.

दुपारी

पाणी ओसरलं, चिखल राहिला. फ्रिजच्या मागे, देवघराच्या पायरीवर, सोफ्याच्या कापसात. काळपट, बोटांत घेतला तर रवाळ नाही, साबणासारखा गुळगुळीत. हा नेमका तो बारीक कण, ज्याला धातू आणि कीटकनाशकं सगळ्यात जास्त चिकटतात. वाळूला ती फारशी लागत नाहीत, चिकणमातीला आणि सडलेल्या पाल्याला लागतात. लोकांनी तो हाताने, अनवाणी, मुलांना मदतीला घेऊन उपसला. डोळ्यांदेखत संसार भिजलेला असताना हातमोजे कुणाला सुचणार? ते सांगणं यंत्रणेचं काम होतं. मग चिखल वाळला, भुकटी झाली, केरसुणीने उडाली आणि श्वासातून आत गेली.

पंचनामे झाले. हजारो घरं, दुकानं, जनावरं.

शनिवार, रात्री

घरांत न थांबलेला गाळ पुढे निघाला आहे. शहराबाहेर पिली नदी नागेला मिळते, मग कन्हान, आणि आंभोऱ्याला वैनगंगा. वाटेत सप्टेंबरची पऱ्हाटी उभी आहे, म्हणजे फवारणीचा भर. या हंगामी फवारणीने काय होतं ते २०१७ मध्ये यवतमाळने पाहिलं, विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेतातून वाहून आलेलं औषध या पुरात मिसळतं.

नदीत एका रात्रीत काय होऊ शकतं याचा नीट नोंदलेला एक दाखला स्वित्झर्लंडचा आहे. १ नोव्हेंबर १९८६, मध्यरात्रीनंतर बाझेलजवळ सॅन्डोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं, आणि खाली शेकडो किलोमीटर वामसारखे ईल मासे मेले. ईल तळाला राहतात, म्हणून त्यांचा सगळ्यात मोठा संहार झाला. तिथे गोदाम एकच होतं. आपल्याकडे अख्खं शहरच थोडं थोडं ओततं, म्हणून त्याला आग म्हणून नोंदवत नाहीत.

बुधवार, २७ सप्टेंबर. पहाटे

पुराला ९६ तास झाले. प्रयोगशाळेत माशांवरच्या विषाची चाचणी सहसा याच मुदतीत करतात: किती मात्रेला ९६ तासांत निम्मे मासे मेले. त्या घड्याळाने पाहिलं तर संकट संपलं. वाचलेले मासे वाचले.

पण वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात पाण्याचा वेग आता जवळजवळ शून्य आहे. बारीक कण खाली बसू लागले आहेत. पवनी, भंडाऱ्याकडचे ढिवर इथे जाळं टाकतात, आणि नागपूरची नदी त्यांच्या पाण्यात काय आणते याची तक्रार ते आजची करत नाहीत. लाल अळ्यांवर गाळाचा परिणाम पाहायची प्रमाण चाचणी २८ दिवसांची असते: अळीचा कीटक होऊन उडतो की नाही. २३ सप्टेंबरपासून मोजलं तर ती २१ ऑक्टोबरला संपते. तोवर मासोळीला खाणं मिळालं का, ते बाजारातल्या टोपलीवरून दिसणार नाही, पुढच्या वर्षीच्या पिल्लांवरून दिसेल.

महापालिका दर उन्हाळ्यात नाग नदीतला गाळ पोकलेनने काढते. पावसाळ्याआधी ते करायलाच हवं. फक्त उचललेला ढीग काठावर टाकण्याआधी त्यातलं शिसं, जस्त आणि पायरेथ्रॉइड तपासा, आणि आकडे काठावरच्या लोकांना द्या. पाण्यावर नि सांडपाण्यावर उभं आयुष्य काम करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था याच शहरात, वर्धा रोडवर आहे.